मध, सरसों आणि कंपन्या: ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या काही मराठी घरांसाठी मी हिवाळ्यात मुरैन्याकडच्या मधपाळांकडून मध आणि त्याच भागातल्या घाण्यावरून सरसोंचं, म्हणजे मोहरीचं, तेल मागवते. डबे न्यायला आलेली मंडळी दारात उभ्याउभ्या जे विचारतात, तेच पुढच्या आठवड्यात आणखी कुणीतरी विचारतं. म्हणून हे एकदा लिहून काढलं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेलं असल्यामुळे मधमाशीबद्दल मला थोडंफार कळतं. डॉक्टरी आणि वकिली कळत नाही, तेव्हा त्या बाबतीत माझ्यावर विसंबू नका.

आणि हो, मी मध विकते. नफा फार नाही, पण आहे. मोठ्या कंपन्यांच्या मधाबद्दल मी काही वाईट बोलले की ‘हिचा यात काय फायदा’ हे खुशाल विचारा. कंपन्यांना मी तेच विचारणार आहे, मग मला वेगळी सूट कशाला?

मधमाश्या कीटकनाशक कंपन्यांनी मारल्या, हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे, आणि ते अर्धंही पुरेसं गंभीर आहे.

भानगड मुख्यतः निओनिकोटिनॉइड गटातल्या औषधांची. इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायमेथोक्झाम ही त्यातली तीन मोठी नावं. ही बियाण्याला चोळली की झाड वाढताना रसातून सगळीकडे जातात, फुलातल्या मकरंदात आणि परागातसुद्धा. माशी जागच्या जागी मरतेच असं नाही. तिला वाट सापडत नाही, ती पेटीकडे परतत नाही, आणि हळूहळू पेटीच कमजोर होते. फ्रान्समधल्या मधपाळांच्या ओरडीनंतर तिथे १९९९ साली सूर्यफुलाच्या बियाण्यावर इमिडाक्लोप्रिड चोळणं थांबवलं गेलं. २००८ साली जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात मका पेरताना यंत्रातून क्लोथियानिडिनची धूळ उडाली आणि मधमाश्यांच्या हजारो वसाहतींना फटका बसला. युरोपीय संघाने २०१३ मध्ये या तिन्हींवर मर्यादा घातल्या आणि २०१८ मध्ये उघड्या शेतात त्यांचा वापर बंदच केला.

आता उरलेलं अर्धं. व्हरोआ नावाचा माशीच्या अंगावर जगणारा बारीक कोळी, त्याच्यामार्फत पसरणारे विषाणू, फुलं नसलेली लांबच लांब एकपिकी शेतं, आणि बिघडलेलं हवामान. अमेरिकेत २००६-०७ च्या हिवाळ्यात माश्या पेट्या सोडून नाहीशा झाल्या तेव्हा पुष्कळ शोध घेतला गेला, पण एकटा एक गुन्हेगार सापडला नाही. शिवाय जगातल्या पाळीव पेट्यांची एकूण संख्या गेल्या काही दशकांत वाढलीच आहे. खरी काळजी रानटी माश्यांची. त्यांची मोजणी कुणी ठेवत नाही आणि त्यांना नुकसानभरपाई मागणारा मालकही नसतो.

युरोपात बंद झालेलं औषध आपल्याकडच्या दुकानात कसं मिळतं?

प्रत्येक देश आपापला निर्णय घेतो. आपल्याकडे १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे आणि त्याखालची नोंदणी समिती फरीदाबादला बसते. इमिडाक्लोप्रिड आणि थायमेथोक्झाम इथे नोंदलेली आहेत, कृषी शिफारशींतही आहेत. त्यामुळे विकणारा दुकानदार काही बेकायदा करत नाही.

लोकांचा विश्वास उडतो तो वेगळ्या कारणाने, आणि तिथे मी लोकांच्या बाजूची आहे. २०१३ साली अनुपम वर्मा समितीने परदेशात बंद किंवा मर्यादित झालेली, पण इथे चालू असलेली ६६ औषधं तपासायला घेतली. २०१८ मध्ये त्यातल्या १८ औषधांवर बंदीचा आदेश निघाला. २०२० मध्ये आणखी २७ औषधांवर बंदी घालायचा मसुदा आला. उद्योगाने हरकती घेतल्या, पुन्हा एक समिती बसली, आणि २०२३ मध्ये पूर्ण बंदी आली ती डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल या तिघांवर. बाकीच्यांपैकी काहींवर पिकापुरती मर्यादा आली. २७ ची ३ का झाली, याचं उत्तर सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत कुणी दिलं असतं, तर अर्धा संशय तिथेच निवला असता. निओनिक, म्हणजे वरची निओनिकोटिनॉइड औषधं, या २७ मध्ये नव्हतीच, हेही लक्षात असू द्या.

अधल्यामधल्या काळात, २०१७ च्या पावसाळ्यात, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. माश्यांची गोष्ट निघाली की मला ती माणसं आठवतात. पंप पाठीवर असतो तो माणसाच्याच.

इथे, चंबळच्या पट्ट्यात, कंपन्यांचा हात नेमका दिसतो कुठे?

दवाईच्या दुकानात, काउंटरवर. हे उत्तर ऐकून लोकांचा हिरमोड होतो, कारण त्यांनी दिल्लीतली बंद खोली आणि पैशांची बॅग डोळ्यांसमोर आणलेली असते.

डिसेंबरअखेर सरसों फुलावर असते. दोन दिवस ढगाळ गेले की शेंड्यांवर माहू चढतो, म्हणजे आपला मावा. शेतकरी एक शेंडा मोडतो, खिशात घालतो आणि गावातल्या खाद-बीज-दवाईच्या दुकानात येतो. दुकानदार शेंडा बघतो, कधी बघतही नाही, आणि दोन बाटल्या पुढे करतो: एक माहूची, एक ‘टॉनिक’ची. पैसे फसल निघाल्यावर. उधारी त्याच्याकडे, सल्लाही त्याच्याकडे, आणि त्याच्या डोक्यावर कंपनीचं टार्गेट, ज्यावर स्कीम असते, भेटवस्तू असते, कधी सहलही असते. तरी मी त्याला फार शिव्या देणार नाही. रात्री आठ वाजता शेतकऱ्याचा फोन उचलणारा पंचक्रोशीत तोच एक. सरकारी विस्तार अधिकाऱ्याच्या वाट्याला इतकी गावं असतात की तो यायच्या आत फुलं गळून शेंगा धरतात. राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठ आपल्या ग्वाल्हेरातच आहे, २००८ पासून. तिथल्या शिफारशी चांगल्या असतात. पण शिफारस बांधावर पोचण्याआधी बाटली पोचलेली असते.

बानमोरच्या पुढे एका बांधावर मी पाहिलं ते सांगते. पेट्या ओळीने मांडलेल्या, समोर पिवळंधमक शेत. सकाळचे अकरा, ऊन पडून फुलं उघडलेली, माश्या अक्षरशः तुटून पडलेल्या, आणि एक पोरगा तोंडाला गमछा बांधून पाठीवरच्या पंपाने फवारत चाललेला. संध्याकाळी पेट्यांच्या दारापुढे मातीत माश्या उलट्या पडून गरगर फिरत होत्या. मेलेल्यांची सोंड बाहेर आलेली. विषाने मेलेल्या माश्यांत हे हमखास दिसतं. मधपाळ परगावचा, शेत दुसऱ्याचं, पेट्या ठेवायला जागा मिळाली तीच मेहरबानी. तो भांडणार कोणाशी? रात्रीत त्याने पेट्या गाडीवर चढवल्या आणि निघून गेला. शेतकऱ्याला कुणी दुष्टपणा करायचा नव्हता. तेच औषध सूर्य मावळताना, माश्या पेटीत परतल्यावर मारलं असतं, आणि मधपाळाला आदल्या दिवशी एक निरोप दिला असता, तर बरंचसं टळलं असतं. बाटलीच्या पत्रकात ही सूचना असते, पण त्या अक्षरांसाठी भिंग लागतं.

फवारणी कित्येकदा टाळताही येते. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरलेली सरसों माहूच्या ऐन जोरातून बरीचशी सुटते. सुरुवातीला कडेच्या झाडांचे शेंडे लागतात, तेवढे मोडून नष्ट केले तरी फैलाव मंदावतो. शेतात ढालकिडे भरपूर असतील तर ते माहू खातात, थोडं थांबायला हरकत नसते. यात विकण्यासारखं काहीच नाही. म्हणून हे सांगायला कुणी भोंगा लावलेली गाडी घेऊन गावात येत नाही.

कंपनीच्या पैशाने झालेलं संशोधन म्हणजे खोटंच ना?

नाही. पण दोन गोष्टी विचारायच्या: निष्कर्ष छापायचा की नाही हे कोण ठरवणार होतं, आणि मूळ आकडे बघायला मिळतात का.

२०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निओनिक आणि माश्यांवरचा मोठा शेत-प्रयोग छापून आला. ब्रिटन, जर्मनी आणि हंगेरी अशा तीन देशांतला. बराचसा पैसा बायर आणि सिंजेंटा या औषध बनवणाऱ्या कंपन्यांचाच होता, पण काम स्वतंत्र संशोधन संस्थेने केलं. ब्रिटन आणि हंगेरीत नुकसान दिसलं, जर्मनीत तसं दिसलं नाही. कंपन्यांनी निष्कर्षांवर आक्षेप घेतले, पण पेपर छापून आला, कारण तो दाबणं त्यांच्या हातात नव्हतं. याच्या एक वर्ष आधी दुसरी गोष्ट उघड झाली होती. याच दोन कंपन्यांनी स्वतःच्या औषधांवर केलेल्या काही चाचण्यांमध्ये जास्त मात्रेत माश्यांना गंभीर इजा दिसली होती, आणि ते अहवाल छापलेच नव्हते. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज झाला तेव्हा ते बाहेर आले. पैसा त्यांचाच, कपाटाची किल्ली फक्त वेगळ्या हातात.

जुनं उदाहरण साखरेचं. १९६७ साली अमेरिकेत हृदयविकारावरचा एक नावाजलेला आढावा छापला गेला. त्यात दोष चरबीवर ढकलला होता आणि साखर हळूच बाजूला काढली होती. लिहिणारे हार्वर्डचे, आणि पैसे साखर उद्योगाच्या संस्थेचे, ही गोष्ट बाहेर यायला २०१६ उजाडलं. मधली पन्नास वर्षं लोक काय वाचत होते?

आता कंपनीविरोधी बाजूलाही तीच कसोटी लावा, नाहीतर ती कसोटी कसली. जीएम, म्हणजे जनुकांत बदल केलेला, मका खाल्लेल्या उंदरांना गाठी आल्याचे फोटो अजून फिरतात. तो २०१२ चा फ्रान्समधला पेपर. उंदरांची संख्या कमी, आणि वापरलेली जात अशी की तिला म्हातारपणी एरवीही गाठी होतात. नियतकालिकाने २०१३ मध्ये तो मागे घेतला, पुढच्या वर्षी तो दुसरीकडे पुन्हा छापला गेला. फोटो पाठवणाऱ्याने यातलं काही सांगितलं होतं का?

जीएम सरसों आपल्या तेलात आली आहे का?

आलेली नाही. डीएमएच-११ या जीएम सरसोंला पर्यावरणीय मंजुरी ऑक्टोबर २०२२ मध्ये मिळाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २३ जुलै २०२४ रोजी दोन न्यायाधीशांचा निकाल विभागला. मंजुरी टिकते की नाही यावर त्यांचं एकमत झालं नाही. सरकारने जीएम पिकांबद्दल राष्ट्रीय धोरण आखावं, यावर मात्र झालं.

हे वाण एखाद्या परदेशी कंपनीने आणलेलं नाही. दिल्ली विद्यापीठातल्या दीपक पेंटल यांच्या गटाने ते सार्वजनिक पैशातून केलं. मग मधपाळ का बिथरले? तीन कारणं आहेत. एक, या वाणात ‘बार’ नावाचं जनुक आहे, ज्यामुळे झाड ग्लुफोसिनेट या तणनाशकाला दाद देत नाही. उद्या शेतकरी तणनाशक मारू लागले तर बांधावरची फुलंही जातील, ही भीती. दुसरं, परदेशी गिऱ्हाइक मधात जीएम पराग आहे का असं विचारतं. युरोपात यावर २०११ मध्ये न्यायालयापर्यंत वाद गेला होता. तिसरं मला सगळ्यात पटतं: माश्यांवर काय परिणाम होतो याचा इथल्या परिस्थितीतला अभ्यास मंजुरीनंतर करायला सांगितला गेला. आधी करायला काय हरकत होती?

उत्पादन जास्त येतं हा दावाही तपासून घ्यावा असाच. ‘वरुणा’ या जुन्या वाणाशी तुलना करून जवळपास २८ टक्के वाढ सांगितली गेली. टीकाकार म्हणतात, आजच्या चांगल्या संकरित वाणांशी तुलना करा. हा प्रश्न शेतकऱ्याच्या डोक्यात सहज येतो, तो विचारला म्हणून कुणी विज्ञानविरोधी ठरत नाही.

जाता जाता एक: जीएम पिकाचं तेल आपण खातोच आहोत. बीटी कापूस २००२ पासून आहे, त्याच्या सरकीचं तेल निघतं. अर्जेंटिना आणि ब्राझीलहून येणारं सोयाबीन तेलही बहुतेक जीएम सोयाबीनचंच. बीटी वांग्यावर मात्र तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती दिली ती आजतागायत आहे. ती देण्याआधी सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या होत्या. आरडाओरडा झाला, पण माणसं बोलली, आणि मंत्र्याला समोर बसून ऐकावं लागलं. सरसोंच्या वेळी असं काही झालं नाही.

१९९८ चा ड्रॉप्सीचा प्रकार म्हणजे सरसोंचं तेल संपवायचा कट होता, असं आमचे काका सांगतात.

तुमचे एकटेच काका नाहीत, या भागात हे बऱ्याच घरांत ऐकू येतं. झालं ते असं. ऑगस्ट-सप्टेंबर १९९८ मध्ये दिल्लीत सरसोंच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचं तेल मिसळलेलं निघालं. या काटेरी झुडपाला इकडे सत्यानाशी म्हणतात. पाय सुजणं, धाप लागणं सुरू झालं (हाच तो ड्रॉप्सी), साठाहून जास्त माणसं दगावली, हजारो आजारी पडली. त्यानंतर सुट्या तेलाच्या विक्रीवर बंदी आली आणि डबाबंद तेल सक्तीचं झालं. लहान घाणेवाले त्यात मोडले. त्याच सुमारास आयात तेलाची दारं उघडत होती.

फायदा कोणाला झाला हे दिसतं. पण फायदा झाला म्हणजे विष त्यांनीच कालवलं, हे सिद्ध होत नाही, आणि कटाचा पुरावा पुढे आलेला नाही. विषबाधा मात्र खरी होती, हे काकांना सांगा. सत्यानाशीचं बी सरसोंसारखंच काळं आणि बारीक असतं, भेसळ ओळखू येत नाही. घाण्यावरचं तेल घेताना दाणा कुठला, चाळला होता का, हे विचारलंच पाहिजे. पुढे मिश्र तेलाच्या नावाखाली सरसोंच्या तेलात दुसरी तेलं मिसळून विकायची मुभा होती, ती जून २०२१ पासून बंद झाली. हा नियम लहान घाण्यांच्याही फायद्याचा आहे.

थंडीत मध जमला. साखर मिसळली आहे का?

नाही हो. सरसोंच्या मधात ग्लुकोज जास्त असतं, तो जमतोच. ग्वाल्हेरच्या जानेवारीत तर आठवड्याभरात पांढरट, लोण्यासारखा होतो. कोमट पाण्यात बरणी ठेवा किंवा तसाच पोळीला लावून खा. पाण्यात थेंब टाकणं, काडी पेटवणं, टीपकागद, कुत्रा खातो की नाही, या सगळ्या परीक्षा सोडून द्या. चांगलं सिरप त्यातल्या प्रत्येकीत पास होतं.

मोठ्या ब्रँडचा मध बनावट निघाला होता ना?

डिसेंबर २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या दिल्लीच्या संस्थेने १३ ब्रँड तपासले. भारतीय मानकांच्या चाचण्यांत मोठे ब्रँड जवळपास सगळे पास झाले. मग नमुने जर्मनीतल्या प्रयोगशाळेत एनएमआर नावाच्या जास्त बारीक चाचणीला पाठवले, तिथे १३ पैकी १० नापास. कंपन्यांनी हे फेटाळलं, आमचा मध सरकारी मानकांत बसतो असं सांगितलं. गंमत अशी की दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या असू शकतात: मानकांची जाळी ज्या भोकांची आहे, त्या भोकांतून जाईल असं सिरप बनवता येतं. निर्यातीच्या मधाला एनएमआर चाचणी ऑगस्ट २०२० पासून सक्तीची होती. परदेशी गिऱ्हाइकाला बारीक जाळी, आणि आपल्याला?

याचा माश्यांशी संबंध काय, असं परवा एका काकूंनी विचारलं. फार जवळचा आहे. तांदळाचं किंवा मक्याचं सिरप स्वस्त पडतं. ते बाजारात मध म्हणून खपलं की कच्च्या मधाचा भाव पडतो. मधपाळाला वर्षभर पेट्या सांभाळायच्या असतात. सरसों संपली की धन्यावर, ओव्यावर, निलगिरीवर गाड्या फिरवायच्या, पावसाळ्यात फुलं नसतात तेव्हा माश्यांना साखरपाणी पाजायचं. भाव पडला की तो पेट्या विकून मोकळा होतो. औषधाच्या बाटलीने मेलेल्या माश्या निदान दारात पडलेल्या दिसतात. भावाने मेलेल्या पेटीचा पंचनामा होत नाही. २०२० मध्ये नाफेड या सहकारी पणन संस्थेने मुरैन्यासह पाच ठिकाणी मध उत्पादकांचे गट उभे करायला घेतले, ते पाऊल बरोबर होतं. उत्पादकाच्या हातात भाव धरून ठेवायची ताकद आली तर माश्या आपोआप टिकतील.

मग ब्रँड सोडून सगळं सुटंच घ्यावं का?

दिवाळीच्या आधी मुरैना-भिंडकडच्या खव्यावर पडणारे छापे वाचता ना? जुलै २०१९ मध्ये बनावट दुधाचे कारखाने या पट्ट्यात पकडले गेले, त्यावरून राज्यात ‘शुद्ध के लिए युद्ध’ मोहीम निघाली. ते करणारे कुणी बहुराष्ट्रीय नव्हते. ओळखीचा दुकानदार चांगला, पण त्याची ओळख तुमच्याशी आहे, त्याला माल देणाऱ्याशी तुमची नाही.

एफएसएसएआयचा शिक्का असला की निर्धास्त राहावं का?

शिक्का म्हणजे या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा परवाना. चौदा आकडी नंबर असतो, तो त्यांच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो. त्या विशिष्ट बरणीची तपासणी झाली आहे, असा त्याचा अर्थ नाही.

संस्थेवरचा अविश्वास हवेतून आलेला नाही. कायद्याप्रमाणे तिच्या वैज्ञानिक समित्यांवर स्वतंत्र तज्ज्ञ हवेत. सुरुवातीच्या समित्यांवर मोठ्या अन्न कंपन्यांची माणसं होती, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावं लागलं, मग समित्या बदलल्या. एप्रिल २०२४ मध्ये मसाल्यांतल्या, इथे नोंदणी नसलेल्या कीटकनाशकांची सरसकट मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमवरून ०.१ झाली, आणि नेमक्या त्याच महिन्यात हाँगकाँगने काही भारतीय मसाल्यांवर बोट ठेवलं होतं. योगायोग असेलही. अशा वेळी नुसतं ‘चिंतेचं कारण नाही’ असं पत्रक काढण्यापेक्षा कागद समोर ठेवले तर लोक जास्त ऐकतात.

ग्राहकालाही एक अधिकार आहे, तो फार कमी लोक वापरतात. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे विकत घेतलेल्या पदार्थाचा नमुना तुम्ही स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकता. आपल्या राज्याची प्रयोगशाळा भोपाळला आहे. चार-पाच घरांनी मिळून केलं तर खर्च जड जात नाही. माझा मध तपासायला न्यायचा असेल तरी न्या.

राउंडअपने, म्हणजे ग्लायफोसेट या तणनाशकाने, कॅन्सर होतो का?

तज्ज्ञांत एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातलं. अमेरिकेची पर्यावरण संस्था ते मानत नाही, युरोपने २०२३ मध्ये आणखी दहा वर्षं परवानगी दिली. बायरने २०१८ मध्ये राउंडअप बनवणारी मोन्सँटो विकत घेतली आणि दोन वर्षांत खटले मिटवण्यासाठी दहा अब्ज डॉलरहून मोठी रक्कम बाजूला काढली, चूक कबूल न करता. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ पासून ते फक्त परवानाधारक फवारणीवाल्यांनीच वापरायचं असा नियम आहे. नियम आहे, एवढंच म्हणते.

मधमाश्या संपल्या की चार वर्षांत माणूस संपेल, असं आइन्स्टाइन म्हणाले होते ना?

ते १९५५ साली गेले आणि हे वाक्य त्यांच्या नावावर १९६० च्या दशकात दिसू लागलं. गहू, तांदूळ, मका यांना माश्या लागत नाहीत, तेव्हा पोळी-भात राहील. भोपळा, दोडकं, सफरचंद, बदाम, कांद्याचं बी यांचे हाल होतील. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी साधारण तीन-चतुर्थांश पिकांना परागीकरण करणाऱ्या कीटक-पक्ष्यांचा थोडाफार तरी आधार लागतो. एवढं सत्य पुरेसं घाबरवणारं आहे.

तुमचा मध जैविक आहे का?

मी तसं म्हणत नाही. माशी दोन-तीन किलोमीटर सहज जाते, तिला शेताची हद्द कळत नाही. चंबळच्या सरसों पट्ट्यातला मध कुणी जैविक म्हणून विकत असेल तर पेट्या कुठे होत्या ते विचारा, आणि ‘जैविक भारत’चं चिन्ह बघा.

आमच्या बिल्डिंगच्या छज्जाला मोठं पोळं लागलंय. जाळून टाकावं का?

ते आग्या मोहोळ. कंपन्यांवर तावातावाने बोलणारी सोसायटी रात्री मशाल लावून किंवा फवारा मारून दहा-वीस हजार माश्या एका तासात संपवते, तेव्हा मला राग येतो. आग्या माशी हंगामी असते, फुलोरा सरला की स्वतःच निघून जाते. पोळं उंचावर, वर्दळीपासून दूर असेल तर खालची जागा दोरी लावून बंद करा, उग्र अत्तर आणि धूर टाळा, पोरांना दगड मारू देऊ नका. दाराजवळ किंवा शाळेजवळ असेल तर हलवावंच लागतं, पण ते काम मधपाळाला बोलावून करा. आग्याचा हल्ला जीवघेणा ठरू शकतो, स्वतः शिडी लावू नका.

बारशाला बाळाला मधाचं बोट लावलं तर चालेल?

एक वर्षाच्या आत मध अजिबात नको, माझाही नको. मधात बॉट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, तान्ह्याच्या आतड्याला ते झेपत नाहीत. सासूबाई ऐकत नसतील तर बाळाच्या डॉक्टरांकडून वदवून घ्या.

यंदाचा मध कधी येईल? पेट्या बघायला नेता का?

पहिली खेप संक्रांतीच्या आसपास, धुकं फार पडलं तर आठवडाभर उशीर. काचेची किंवा स्टीलची बरणी आणा, ओली नको. पेट्या बघायला एखाद्या रविवारी जातो, पण जागा आदल्या दिवशीच सांगता येते, कारण मधपाळ गाड्या हलवत असतात. फिक्या रंगाचे कपडे घाला, अत्तर लावू नका, केस बांधून या. डंखाची ॲलर्जी असलेल्यांनी येऊ नये. तिथे शेतकरीही भेटतो, फवारणी किती वाजता करता हे त्यालाच विचारा.